थरथरत्या स्टेअरिंगवर 'अलाइनमेंट-बॅलन्सिंग' पॅकेज: नाशिकच्या टायर दुकानांत नेमकं काय मिळतं?

मुंबई नाका, द्वारका, अंबड, पाथर्डी फाटा, कुठेही जा, टायरच्या दुकानाबाहेर बोर्ड तोच: कॉम्प्युटराइज्ड अलाइनमेंट, बॅलन्सिंग, रोटेशन. स्टेअरिंग थरथरतंय एवढं म्हटलं की बहुतेक ठिकाणी पुढचं काही न विचारता गाडी रॅम्पवर चढते. या पॅकेजमधलं बॅलन्सिंग, म्हणजे रिमवर छोटी वजनं लावून चाकाचा भार सगळीकडे सारखा करणं, नीट केलं तर पैसे वसूल. अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याला, मात्र थरथरीच्या तक्रारीवर आमच्याकडून शून्य गुण. टो (चाकाची पुढची कड आत की बाहेर वळलीय तो कोन) किंवा कॅम्बर (चाकाचा उभा कल) बिघडला तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहतं, टायरची एक कड झिजते. थरथर हे त्याचं लक्षण नव्हे. बिघडलेल्या अलाइनमेंटवर बरेच दिवस गाडी चालून टायर वेडावाकडा झिजला तर हादरे येतात खरे, पण तोवर दोष टायरमध्ये मुरलेला असतो आणि टो जागेवर आणून तो टायर सरळ होत नाही.

म्हणून दुकान निवडताना पहिली कसोटी मशीन नव्हे, प्रश्न. थरथर किती वेगाला येते? ब्रेक दाबल्यावरच येते का? एक्सिलरेटर सोडल्यावर जाते का? हात थरथरतात की सीट? हे विचारणारा माणूस चाक खोलायच्या आधीच निम्मं निदान करतो.

बॅलन्सिंगचा दोष ठरावीक वेगाला बोलतो, साधारण ८० ते ११०. कारण सोपं आहे. १७५/६५ आर १४ मापाच्या टायरला रिमच्या कडेवर ३० ग्रॅमचा फरक असेल, तर ताशी १०० किलोमीटरला तो सेकंदाला १५ वेळा सुमारे पाच किलोचा झटका देतो. वेग निम्मा केला की झटका चौथाईवर येतो. त्यामुळे गंगापूर रोड-कॉलेज रोडवर फिरणारी गाडी वर्षभर शहाण्यासारखी वागते आणि समृद्धीवर चढल्यावर अचानक 'बिघडते'. हात थरथरले तर बहुधा पुढची चाकं, सीट किंवा फ्लोअर हलला तर मागची. खात्रीसाठी फुकटची चाचणी: टायरमधली हवा दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा, पुढची दोन्ही चाकं त्याच बाजूला मागे टाका, मागची पुढे घ्या. थरथर हातातून सीटकडे सरकली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये. जागच्या जागी राहिली तर बॅलन्सिंगवर खर्च करू नका.

आता मशीनजवळ उभं राहून काय बघायचं. चाक मशीनवर चढायच्या आधी धुतलं गेलं पाहिजे. पावसाळ्यात गिरणारे-मखमलाबादकडच्या काळ्या मातीचा थर रिमच्या आतल्या बाजूला असा बसतो की बाहेरून पत्ता लागत नाही; त्यावर वजन लावलं तर माती गळून पडली की बॅलन्सिंग पुन्हा बिघडलं. मग जुनी वजनं सगळी काढायची. मशीनला रिमचा व्यास, रुंदी आणि मशीनपासूनचं अंतर ही तिन्ही मापं दर गाडीला नव्याने द्यायची. आधीच्या गाडीची मापं तशीच ठेवली की स्क्रीनवरचा आकडा निरर्थक. शेवटी पुन्हा फिरवून आत-बाहेर दोन्हीकडे शून्य दिसलं पाहिजे.

इथवर बहुतेक दुकानं पास होतात. पुढची पायरी फार थोडे करतात: चाक सैल करून शाफ्टवर अर्धा फेरा फिरवायचं, पुन्हा आवळून तपासायचं. आकडा दहा ग्रॅमच्या वर बदलला तर चाक शाफ्टवर मधोमध धरणारा शंकूच्या आकाराचा भाग नीट बसलेला नाही, म्हणजे आधीचं शून्यही खोटं. एकाच चाकाला ६०-७० ग्रॅम लागत असतील तर वजन चढवत बसू नये. टायर रिमवर १८० अंशांत फिरवून बसवायला सांगा, बऱ्याचदा निम्म्यात काम होतं. वजनाचे पैसे ग्रॅमवर लावायची पद्धत असल्याने ही सूचना दुकानदार स्वतःहून क्वचितच देतो.

फिरत्या चाकाकडे बाजूने नजर ठेवा. रिमची कड डुलत असेल तर रिम वाकली आहे. टायर वरखाली उड्या मारत असेल किंवा कुठे फुगा असेल तर टायरच्या आतला तारांचा पट्टा सुटलेला असू शकतो. अशा चाकालाही मशीन शून्य दाखवू शकतं, कारण ते चाक हवेत फिरवतं, गाडीचं वजन देऊन नाही. २० ते ४० च्या वेगात स्टेअरिंग डोलत असेल तर आधी इथेच शोधा. पट्टा सुटलेला टायर हायवेवर नेऊ नये, स्टेपनी लावून घरी यावं. बाहेरून अलॉय चाकं बसवली असतील तर मधलं भोकही मोजायला लावा. मारुतीच्या बऱ्याच लहान गाड्यांचा हब (गाडीचा ज्या गोल भागावर चाक बसतं तो) ५४.१ मिलिमीटरचा असतो, बाजारातल्या अलॉयचं भोक त्याहून मोठं. ही फट भरणारी मधली रिंग नसेल तर चाक फक्त नटांवर तोललं जातं आणि कितीही बॅलन्स करा, थरथर राहते.

ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग थरथरत असेल तर टायरच्या दुकानात जायचं कारणच नाही. तो ब्रेकच्या डिस्कचा, म्हणजे पॅड ज्या चकतीला पकडतात तिचा विषय. कसारा घाट वरच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचा आणि खाली पोचून तापलेला ब्रेक घट्ट दाबून उभं राहायचं, अशाने पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटतो, जाडी असमान होते. डिस्क किती डुलते हे डायल गेजने मोजतात. बऱ्याच गाड्यांत मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जे गेज कोणाच्याही टेबलावर सापडतं, ते त्याच वस्तीतल्या गॅरेजमध्ये नसावं, ही नाशिकची गंमतच. न मोजता 'डिस्क बदला' म्हणणाऱ्याकडून डिस्क बदलू नका. डिस्क लेथवर घासून सपाट करायची असेल तर डिस्कवर कोरलेली किमान जाडी आधी वाचा. नवी डिस्क बसवताना हबवरचा गंज वायर ब्रशने काढलाच पाहिजे. गंजाच्या पापुद्र्यावर बसलेली डिस्क पहिल्या दिवसापासून डुलते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथरायला लागते.

ढिलेपणा तपासायला जॅक पुरतो. चाक उचलून डावी-उजवी कड धरून हलवलं आणि खटखट जाणवली तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा. वर-खाली धरून हलवल्यावर आली तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा चाकाजवळचा सांधा) किंवा बेअरिंग. लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, रबरी बुश फाटलं असेल तर चाकाचा बारीकसा दोषही स्टेअरिंगवर मोठा होऊन येतो. वेग वाढवताना थरथर आणि पाय उचलताच शांत, तर आतला सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा गिअरबॉक्सकडचा सांधा. इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीत थरथर असेल तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते.

थोडक्यात सौदा असा करावा: पॅकेज नको, फक्त पुढच्या दोन चाकांचं बॅलन्सिंग, चाक अर्धा फेरा फिरवून केलेल्या फेरतपासणीसकट. अलाइनमेंट गाडी ओढत असेल तरच, किंवा टाय रॉड एंड वगैरे बदलल्यावर. आणि तेव्हा आधीचे-नंतरचे आकडे असलेली प्रिंट मागून घ्यावी. नट हवेच्या गनने ठोकून देत असतील तर थांबवा. असमान आवळलेले नट डिस्कला ताण देतात. नट हाताने लावून, आडव्या क्रमाने, शेवटी टॉर्क पान्ह्याने (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्ह्याने) आवळायचे. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, लहान गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर. अलॉय असतील तर ५०-१०० किलोमीटरनंतर हेच नट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत, आणि यासाठी कोणी पैसे मागितले तर दुसरं दुकान बघावं.