पोर्तुगीज संसदेचा ऑनलाइन संग्रह: नावेलीच्या डॉक्टरांना त्यांच्याच शब्दांत वाचायचं असेल तर

डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोम्स लिस्बनच्या संसदेत नेमकं काय बोलले, हे आता पणजीत किंवा फोंड्यात घरी बसून वाचता येतं. पोर्तुगालच्या संसदेनं आपल्या जुन्या कामकाजाचे छापील अंक स्कॅन करून इंटरनेटवर ठेवले आहेत. पैसे लागत नाहीत, नावनोंदणी लागत नाही. राजेशाहीच्या काळातलं, म्हणजे 1821 ते 1910 पर्यंतचं कामकाज त्यात आहे, आणि आपले डॉक्टर त्याच काळातले. गोव्याच्या इतिहासात रस असलेल्या मराठी वाचकानं ही सेवा वापरायलाच हवी असं ठाम मत आहे. मात्र ती गोव्यातल्या वाचकासाठी बनवलेली नाही, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात बरेच जण कंटाळून बाहेर पडतात. ते का अडतात आणि कसं सुटायचं, हेच इथं मुख्यतः सांगायचं आहे.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. जन्म 31 मे 1829, गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या नावेलीत. पणजीची वैद्यकीय शाळा 1842 साली सुरू झाली, तिच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. शिकून सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले. त्या शाळेतून निघालेल्या डॉक्टरांना खुद्द पोर्तुगालात बरोबरीचा दर्जा नव्हता, तिथं व्यवसाय करायचा तर पुन्हा परीक्षा द्यावी लागे. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं. ज्या देशात आपली वैद्यकीची पदवी पुरी धरत नाहीत, त्याच देशाच्या संसदेत हा माणूस 1860 च्या निवडणुकीनंतर गोव्याचा प्रतिनिधी म्हणून जाऊन बसला, आणि राज्यकर्त्यांच्या भाषेत त्यांच्याच अर्थकारणावर त्यांना सुनावू लागला. पुढेही निवडून येत राहिला. 30 सप्टेंबर 1869 रोजी, आजारी अवस्थेत गोव्याकडे परतताना, बोटीवरच चाळिसाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. सुएझचा कालवा त्यानंतर दीड महिन्यानं, 17 नोव्हेंबरला उघडला.

एवढी माहिती कुठल्याही गौरवग्रंथात मिळते. पणजीत कांपालच्या बागेत त्यांचा पुतळा आहे, नावेलीच्या जिल्हा ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे, जयंतीला हार पडतो. पण या संसदपटूचं संसदेतलं बोलणं आपल्यापैकी किती जणांनी वाचलं आहे? मराठीत त्यांच्यावर लेख येतात ते बहुतेक एकमेकांवरून उतरवलेले, आणि विशेषणांनी भरलेले. मूळ कामकाज वाचलं की विशेषणांची गरज राहत नाही.

आता वापराकडे. पत्ता टाकताना 'डिबेट्स' हा शब्द इंग्रजीत लिहितो तसाच लिहावा, मग डॉट, मग 'पार्लामेंतो' (शेवटचं अक्षर ओ), मग डॉट आणि पीटी. उघडल्यावर काळ निवडायचा: 'मोनार्किया कॉन्स्टित्युसिओनाल', म्हणजे घटनात्मक राजेशाही. मग सभागृह. इथं पहिली चूक होते. दोन सभागृहं आहेत, एक उमरावांचं आणि एक निवडून आलेल्या प्रतिनिधींचं. गोम्स दुसऱ्यात होते, म्हणून 'देपुतादुश' हा शब्द असलेला पर्यायच घ्यावा. त्याखाली विधानमंडळाचा कार्यकाळ, मग अधिवेशन, मग दिवसाचा अंक, मग पान, असा उतरता क्रम आहे. कार्यकाळांचे क्रमांक लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नये, तारखेवरून जावं. जानेवारी 1861 पासून सुरुवात करावी, कारण त्यांची संसदेतली पहिली भाषणं तिथली आहेत.

नावानं शोध घेणारे हमखास फसतात. त्याला तीन कारणं आहेत. एक म्हणजे त्या काळी 'लुईस'च्या शेवटी 'एस' नसून 'झेड' छापत. आजच्या लेखनानं शोधलं तर हाती फारसं काही लागत नाही. दुसरं, उपस्थितीच्या यादीत पूर्ण नाव न देता 'एफ. एल. गोम्स' एवढंच देतात. तिसरं, नुसतं 'गोम्स' टाकलं तर पोर्तुगालातले सगळे गोम्स समोर येतात, आणि ते आडनाव तिथं आपल्याकडच्या नाईक-गावकरांइतकंच पसरलेलं आहे. म्हणून नावापेक्षा विषयानं शोधावं. 'उल्त्रामार' म्हणजे समुद्रापलीकडचे प्रदेश, हा शब्द तर सर्वांत उपयोगी. गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या संस्थांसाठी, म्हणजे आपल्या कोमुनिदादींसाठी, जुना शब्द शोधताना दोन 'एम' टाकावे लागतात. पणजीच्या जागी 'नोव्हा गोवा' टाकावं, कारण 1843 पासून राजधानीचं अधिकृत नाव तेच होतं. 'इंडिया' शब्दावरचं आजचं स्वरचिन्ह जुन्या छपाईत नाही, तेही काढून शोधावं.

प्रत्येक दिवसाच्या अंकाची सुरुवात हजेरीनं होते: हाक मारली तेव्हा कोण हजर, नंतर कोण आलं, कोण आलंच नाही. ही यादी ओलांडून पुढं जायचा मोह होतो, पण चरित्र अभ्यासणाऱ्यासाठी ती सोन्यासारखी आहे. गोव्याचे प्रतिनिधी निवडून आल्यावर लिस्बनला पोचायलाच लांबचा प्रवास, त्यामुळे नव्या कार्यकाळाच्या पहिल्या दिवसांत त्यांचं नाव नसलं तर दचकू नये. अधिवेशनागणिक हजेरीची नोंद वहीत उतरवून घेतली की ते नेमके कधी लिस्बनमध्ये होते आणि कधी नव्हते याचा आराखडा तयार होतो. छापील चरित्रांतल्या तारखा पडताळून पाहायला याहून चांगलं साधन घरबसल्या मिळणार नाही.

भाषण सापडत नाही, ही दुसरी मोठी तक्रार. त्या दिवशी ते बोलले एवढा उल्लेख असतो आणि पुढं मजकूरच नसतो. याचं कारण त्या वेळच्या पद्धतीत आहे. लघुलेखक भाषण टिपून घेत, वक्त्याकडे तपासायला पाठवत, आणि वक्ता ते परत देईपर्यंत अंक थांबत नसे. मग ते भाषण नंतरच्या कुठल्यातरी अंकात, 'अमुक दिवसाच्या बैठकीतलं, जे अमुक पानावर यायला हवं होतं' अशा टिपेसह छापलं जाई. तेव्हा तारखेला मजकूर नसेल तर पुढचे अंक चाळावेत. कधी लघुलेखकानं दिलेला गोषवारा तेवढाच हाती लागतो. तो तृतीयपुरुषी असतो, 'सन्माननीय सदस्य म्हणाले की' अशा वळणाचा. त्यातलं वाक्य उचलून गोम्स यांचे शब्द म्हणून अवतरणात टाकू नये. हे आवर्जून सांगायचं कारण असं की ऐकीव वाक्यं अवतरणचिन्हांत टाकायची खोड आपल्याकडे जुनी आहे.

कंसातल्या शब्दांकडे लक्ष असू द्यावं. 'आपोयादुश' म्हणजे बाकांवरून आलेला पाठिंब्याचा आवाज, 'मुइतु बैं' म्हणजे वाहवा, 'व्होझिश' म्हणजे मध्येच उठलेले आवाज. वसाहतींना प्रतिनिधित्व कशाला हवं, असा सूर निघतो तेव्हा गोम्स भारताच्या जुन्या संस्कृतीचा दाखला देतात, ही गोष्ट आपण भाषणांतून ऐकलेली असते. इथं वाचताना तिची दुसरी बाजू दिसते: सभागृह त्या वेळी कसं ऐकत होतं, कुठं साथ देत होतं, कुठं गप्प होतं. पुतळ्यातून किंवा गौरवलेखातून हे कधीच कळत नाही. या सेवेला भरभरून गुण द्यावेत ते याच गोष्टीसाठी.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. फ्रेंच कवी लामार्तीन यांना त्यांनी जानेवारी 1861 मध्ये लिहिलेलं पत्र, ज्यात ते महाभारत रचणाऱ्या आणि बुद्धिबळ शोधून काढणाऱ्या लोकांचा आपण वंशज आहोत असं सांगून भारतासाठी स्वातंत्र्य आणि प्रकाश मागतात, ते भाषण नाही. खाजगी पत्र आहे. ते या संग्रहात शोधत बसू नये. तसंच त्यांची 1866 ची कादंबरी, अर्थशास्त्रावरचं 1867 चं फ्रेंच पुस्तक, अठराव्या शतकातला पोर्तुगीज मंत्री पोंबाल याच्यावरचं 1869 चं चरित्र, यांपैकी काहीही इथं नाही. त्यासाठी वेगळी डिजिटल ग्रंथालयं धुंडाळावीत, किंवा सरळ पणजीत पाट्याच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाची वाट धरावी. 1832 मध्ये सुरू झालेल्या या ग्रंथालयाकडे पोर्तुगीज काळातल्या पुस्तकांचा आणि वृत्तपत्रांचा मोठा ठेवा आहे. लिस्बनमधल्या भाषणाचा गोव्यात काय पडसाद उमटला हे संसदेच्या अंकांत असणारच नाही. ते इथल्या वृत्तपत्रांतच पाहावं लागतं.

भाषेचं काय? पोर्तुगीज येणारे घरात असतील ते आजी-आजोबाच, आणि तेही हळूहळू कमी होत चालले. यंत्र-अनुवाद बऱ्यापैकी काम देतो, पण जसाच्या तसा मजकूर चिकटवला तर फजिती होते. पान दोन स्तंभांत छापलेलं आहे. संगणकानं ओळखलेल्या मजकुरात कधी डाव्या स्तंभाची ओळ उजव्या स्तंभाच्या ओळीला जोडली जाते आणि दोन वक्ते एकमेकांत मिसळतात. म्हणून शेजारी मूळ पानाचं चित्र उघडं ठेवून आधी ओळी जुळवाव्यात. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडावेत. दुहेरी व्यंजनं आणि 'पीएच'सारखी जुनी अक्षरं आजच्या लेखनात बदलावीत. मग एका वेळी दोन-तीन परिच्छेदांपेक्षा जास्त मजकूर देऊ नये. लांब मजकुरात यंत्र मधली वाक्यं गाळतं आणि गाळल्याचं सांगत नाही. मराठीत थेट उतरवण्यापेक्षा आधी इंग्रजीत घेऊन ताळा करावा, अर्थ पक्का झाला की मराठी स्वतः लिहावं. आकडे, चलन आणि जमिनीच्या मोजमापाचे शब्द मात्र यंत्रावर मुळीच सोपवू नयेत. फोर, म्हणजे जमिनीचा वार्षिक खंड, या शब्दाचं यंत्र हमखास काहीतरी भलतंच करतं, आणि गोम्स यांच्या जमिनीविषयीच्या विचारांचा गाभा अशाच शब्दांत असतो.

मोबाइलवर हे सगळं करू नये. दोन स्तंभांचं पान छोट्या पडद्यावर डोळे दुखवतं. लॅपटॉप हवा, आणि शक्य असेल तर हवी ती पानं पीडीएफमध्ये उतरवून एथ्री कागदावर छापून घ्यावीत. एफोरवर अक्षर फार बारीक येतं. फाइलला नाव देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमानं द्यावं, म्हणजे यादी आपोआप कालक्रमानं लागते. संदर्भ देताना बैठकीची तारीख आणि अंक छापल्याची तारीख वेगवेगळी असू शकते, दोन्ही टिपाव्यात.

कोणासाठी ही सेवा नाही? ज्याला उद्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी पाच मिनिटांचा मजकूर हवा त्यानं इकडे येऊ नये, वेळ जाईल. आणि गोम्स यांना आजच्या अर्थानं स्वातंत्र्यसैनिक ठरवायला येणाऱ्यालाही त्रास होईल. ते पोर्तुगीज राज्यघटनेच्या चौकटीत राहून गोव्यासाठी बरोबरीचे हक्क मागणारे उदारमतवादी होते. खुल्या व्यापाराचा आणि जमिनीच्या मोकळिकीचा पुरस्कार करणारे. त्यांचे काही आर्थिक विचार आज कोमुनिदाद वाचवू पाहणाऱ्यांना पटणारही नाहीत. पण ते खरे आहेत, त्यांचे आहेत, आणि तारखेसकट वाचता येतात.

महाविद्यालयांतल्या इतिहास आणि मराठी विभागांनी तर हे काम वाटून घ्यावं. एका विद्यार्थ्याकडे एक अधिवेशन दिलं, त्यानं हजेरी, विषय आणि भाषणाचं पान एवढंच तीन रकान्यांत भरलं, तरी 1861 ते 1869 पर्यंतची सूची एका शैक्षणिक वर्षात उभी राहील. अनुवाद नंतर करता येतील. सूची करताना सुरुवात उपस्थितीच्या यादीतल्या 'एफ. एल. गोम्स'पासूनच करावी, आणि त्याच यादीत गोव्याचे इतर प्रतिनिधी दिसले तर त्यांच्यासाठी चौथा रकाना आखून ठेवावा.