आधी टॅक्स भरा मग पैसे काढा, असं कोणी म्हटलं तर हे वाचा

लिहू की नको करत दोन महिने गेले, शेवटी बायकोच म्हणाली लिहून टाका, दुसरीच्या बांगड्या तरी वाचतील.

माझं नागपूरला मानेवाडा रोडवर झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसते तेव्हा मोबाईल बघत बसायचं, हीच सवय नडली. शाळेतल्या मित्राने टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. तो मला फसवून नव्हता राहिला, तो स्वतःच आत अडकलेला होता, हे नंतर कळलं. ग्रुपमध्ये एक "सर" रोज सांगायचे की आरबीआयनेच डिजिटल रुपया काढला, सरकार क्रिप्टोवर, म्हणजे बिटकॉइनसारख्या ऑनलाइन कॉइनवर, टॅक्स घेते, म्हणजे आता हे सगळं सरकारमान्य झालं. मला पटलं, कारण दोन्ही गोष्टी पेपरात वाचल्या होत्या. आता कळते की आरबीआयचा ई-रुपया, ज्याची सामान्य लोकांसाठीची ट्रायल १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली, तो म्हणजे मोबाईलमधली नोटच आहे, १०० चे १०० च राहतात, त्यावर व्याजसुद्धा नाही. आणि टॅक्स घेतला म्हणजे सरकारने हमी घेतली असं होत नाही ना भाऊ.

ग्रुपमधून मिळालेल्या क्रिप्टोच्या ॲपमध्ये आधी १० हजार टाकले. ॲपवाले सांगतील त्या माणसाला यूपीआय करायचं, दरवेळी वेगळंच नाव, मग तो यूएसडीटी पाठवणार, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन, आणि ते आपण ॲपमधल्या पत्त्यावर, म्हणजे खाते नंबरासारख्या अक्षर-आकड्यांच्या ओळीवर, टाकायचं. पाच दिवसांत २३०० नफा दिसला, काढून पाहिला तर खरंच बँकेत आला! त्या दिवशी घरी सावजी नेलं. मग ५० हजार, मग एफडी मोडून २ लाख ८० हजार.

ॲपवर ९ लाख १० हजार दिसून राहिले होते. मुलीच्या ॲडमिशनसाठी काढायला गेलो तर मेसेज, नफा ५ लाख ७० हजार, त्यावर ३० टक्के टॅक्स १ लाख ७१ हजार आधी भरा. आता गंमत बघा, ३० टक्के हा आकडा खरा आहे, १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर तोच टॅक्स आहे, म्हणून मला शंकाच आली नाही, उलट वाटलं किती कायदेशीर काम आहे यांचं. पण तो टॅक्स आपण स्वतः सरकारकडे भरतो. एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीची कंपनी, फार तर विकताना १ टक्का टीडीएस आपल्याच रकमेतून कापते, वरून पैसे पाठवा असं म्हणत नाही. मी बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून भरले. दोन दिवसांनी "वॉलेट अनलॉक फी" ४५ हजार मागितली तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

लाजेपायी अकरा दिवस कोणाला बोललो नाही, हीच सगळ्यात मोठी चूक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच फोन केला असता तर यूपीआयने गेलेली काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवता आली असती. भाच्याने लॅपटॉपवर दाखवलं, टी अक्षराने सुरू होणारा ॲपमधला तो लांबलचक पत्ता वेबसाईटवर टाकला की सगळा व्यवहार उघडा दिसते. माझं कॉइन आलं, चार मिनिटांत दुसऱ्या पत्त्यावर, तिथून तिसऱ्या. मी तिथेच बसून नुसता पाहत होतो. बँकेत निदान मॅनेजरशी भांडता तरी येते, इथे एकदा पाठवलेलं कॉइन आपल्याला परत ओढताच येत नाही.

वरून ते २३०० माझ्या खात्यात आले ना, ते दुसऱ्याच कोण्या फसलेल्या माणसाचे निघाले, त्यापायी माझ्याच खात्यावर होल्ड लागला, दुकानाचं पेमेंट अडकलं, आणि मला सांगावं लागलं की साहेब मी चोर नाही.

एकूण ५ लाख ८ हजार ७०० गेले. तक्रार सायबर पोर्टलवर आहे, ॲप डिलीट केलं नाही, पुरावा म्हणून ठेवलंय, उघडलं की अजूनही हिरव्या अक्षरात नफा वाढत असते.

मागच्या आठवड्यात एका माणसाचा व्हॉट्सॲप कॉल आला, म्हणे आम्ही क्रिप्टो रिकव्हरी करतो, फक्त १२ हजार फी. माझी रक्कम त्याला शंभरापर्यंत बरोबर माहीत होती. मी हो म्हणणारच होतो, बायकोने हातातून फोन घेतला आणि नंबर ब्लॉक केला.