सीन नदीवरची तासाभराची बोटफेरी: पहिल्या पॅरिसभेटीत कधी आणि कशी घ्यावी

पॅरिसला पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याच्या यादीत सीन नदीवरची बोटफेरी नाही, असे सहसा होत नाही. आणि बहुतेक जण ती मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळसाठी राखून ठेवतात. माझे मत नेमके उलट आहे. ही फेरी पॅरिसला पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी घ्यावी, कारण तिचा खरा उपयोग हे शहर कसे वसले आहे ते कळण्यासाठी होतो. प्रणयरम्य वातावरणाची सोय पॅरिसमध्ये पावलोपावली आहे. त्यासाठी वेगळे तिकीट काढण्याची गरज नाही.

आम्ही गेलो ती बोट आयफेल टॉवरच्या पायथ्याजवळच्या धक्क्यावरून सुटणारी, खालच्या मजल्यावर काचेचे दालन आणि वर उघडी गच्ची अशा नेहमीच्या धाटणीची होती. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. अशा फेऱ्या चालवणाऱ्या अनेक कंपन्या आहेत, त्यांचा मार्ग जवळपास एकच आहे आणि गुणदोषही थोड्याफार फरकाने तेच आहेत. धक्क्यावरून निघून बोट प्रवाहाच्या उलट दिशेने पूर्वेकडे जाते, शहराच्या मध्यभागी असलेल्या दोन बेटांना वळसा घालते आणि परत येते. एवढ्या अंतरात दोन्ही तीरांवर आयफेल टॉवर, कॉन्कॉर्ड चौक, ऑर्से संग्रहालय, लूव्र, नोत्र दाम हे चर्च आणि नगरपालिकेची भव्य इमारत क्रमाने समोर येतात. हाच पट्टा १९९१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मेट्रोने फिरणाऱ्या नवख्या माणसाला पॅरिस तुकड्यातुकड्यांत दिसते: एका ठिकाणी जमिनीखाली उतरायचे आणि दुसऱ्या ठिकाणी वर यायचे, मधले काहीच कळत नाही. बोटीतून हे तुकडे एका ओळीत लागतात. ऑर्से आणि लूव्र ही संग्रहालये एकमेकांपासून पुलाच्या अंतरावर, तिरकी समोरासमोर आहेत, हे नकाशा पाहूनही लक्षात येत नव्हते, ते बोटीतून क्षणात लक्षात आले आणि पुढचा सगळा कार्यक्रम आम्ही त्यानुसार बदलला.

पण या फेरीत मला सर्वांत मोलाचे वाटले ते पूल. एरवी आपण पुलांवरून चालतो आणि समोरचा देखावा पाहतो. पूल स्वतः कसा आहे हे पाण्यातूनच दिसते. रशियाचा झार तिसरा अलेक्झांडर याच्या नावाचा पूल घ्या. फ्रान्स आणि रशिया यांच्या मैत्रीची खूण म्हणून बांधलेला हा पूल १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी खुला झाला. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याच्या चार टोकांच्या खांबांवरचे सोनेरी पंखधारी घोडे आणि दिव्यांची रांग दिसते. बोटीतून मात्र नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एकाच झेपेत गेलेली पोलादी कमान दिसते, आणि ती इतकी बसकी का ठेवली असेल याचेही उत्तर मिळते, कारण तीरावरून दूरवर पसरलेला देखावा तिने कुठेही अडवलेला नाही. कमानीच्या बरोबर मध्यावर, बाहेरच्या बाजूंना, तांब्याचा पत्रा ठोकून घडवलेल्या जलदेवता आहेत. एका बाजूला सीनच्या, तर दुसऱ्या बाजूला रशियातल्या नेवा नदीच्या. पुलावर उभे राहून त्या नीट दिसणे शक्यच नाही. त्या पाण्यावरून येणाऱ्यासाठीच घडवलेल्या आहेत.

पाँ नफ हा शहरातला आज उभा असलेला सर्वांत जुना पूल. १५७८ साली त्याचे काम सुरू झाले आणि फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्या कारकिर्दीत, १६०७ साली ते पुरे झाले. त्याच्या कठड्याखाली दोन्ही बाजूंना दगडी मुखवट्यांची लांबच लांब माळ आहे. जवळपास ३८० चेहरे, आणि प्रत्येक निराळा. कुणी दाढीवाला, कुणी शिंगे असलेला, कुणी चक्क वेडावून दाखवणारा. वरच्या मजल्यावर कडेला जागा मिळाली असेल, तर पुलाखाली शिरण्यापूर्वीच्या काही क्षणांत हे चेहरे अगदी जवळून पाहायला मिळतात. त्याच वेळी बोटीवरचे बहुतेक लोक पुढच्या देखाव्याच्या दिशेने मोबाइल धरून बसलेले असतात, हे सांगायला खेद वाटतो. कॉन्कॉर्ड पुलाच्या बांधकामात पाडलेल्या बॅस्टिल तुरुंगाचे दगड वापरले आहेत. आल्मा पुलापाशी असलेला झुआव्ह, म्हणजे फ्रेंच सैन्यातल्या एका पलटणीतल्या सैनिकाचा पुतळा नदीच्या पाण्याची पातळी मोजण्याचे लोकांचे अनधिकृत माप आहे. १९१० सालच्या महापुरात पाणी त्याच्या खांद्यापर्यंत आले होते. ही नुसती गंमत नाही: नदी बहुधा हिवाळ्यात फुगते, आणि ती फुगली की पुलाखालून बोट जाण्याइतकी उंची उरत नाही आणि फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात. म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्यांनी आधीच ठरावीक वेळेचे, पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नये.

आता उणिवा. ध्वनिमुद्रित निवेदन ही या फेरीची सर्वांत दुबळी बाजू आहे. आमच्या बोटीवर तेच वाक्य एकामागून एक अनेक भाषांत ऐकवले जात होते, आणि आपल्याला समजणारी भाषा येईपर्यंत ती इमारत मागे गेलेली असे. तिकिटावर आसन क्रमांक नसल्याने दार उघडताच वरच्या मजल्याकडे धावाधाव होते; मागे राहिलेल्यांना काचेच्या दालनात बसावे लागते, आणि अंधार पडल्यावर त्या काचेत बाहेरच्या शहरापेक्षा आतल्या दिव्यांचे प्रतिबिंबच अधिक दिसते. त्यामुळे सुटण्याच्या वेळेच्या बरेच आधी रांगेत उभे राहावे, आणि उन्हाळा असला तरी अंगावर घ्यायला काहीतरी जवळ ठेवावे, कारण नदीवरचा वारा चांगलाच झोंबतो.

वेळेची निवड महत्त्वाची आहे. उजेडात निघून अंधारात परतणारी फेरी उत्तम, पण त्यासाठी ऋतूचे भान हवे. जून महिन्यात पॅरिसमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या आतच. आयफेल टॉवरवरचे वीस हजार दिवे अंधार पडल्यानंतर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटे लुकलुकतात. ते पाण्यावरून पाहायचे असेल, तर बोट कोणत्या वेळी परत टॉवरजवळ येते याचा हिशेब तिकीट काढतानाच करावा.

प्रणयाचा विषय कंपन्यांनी अर्थातच सोडलेला नाही. पाँ मारी या पुलाखाली चुंबन घेतले की मनातली इच्छा पूर्ण होते, असे निवेदनात सांगितले जाते, आणि लगेच बोटीवर एक संकोचमिश्रित खळबळ उडते. ही आख्यायिका निरुपद्रवी आहे. पाँ देझार या पादचारी पुलावर प्रेमाची कुलुपे लावण्याची प्रथा मात्र निरुपद्रवी नव्हती: त्यांच्या वजनाने २०१४ साली कठड्याचा एक भाग कोसळला आणि पुढच्या वर्षी प्रशासनाने सुमारे ४५ टन कुलुपे काढून टाकली. आता तिथे काचेचे कठडे आहेत.

बोटीवरच्या भोजनाचा प्रस्ताव धक्क्यावरच्या प्रत्येक फलकावर असतो. पहिल्या भेटीत तो टाळावा असे मी सुचवेन. साध्या फेरीच्या कितीतरी पट पैसे मोजून तुम्ही काचेमागे बसता, नजर ताटाकडे राहते, आणि पॅरिसमध्ये चांगले जेवण जमिनीवर मुबलक मिळते. त्यापेक्षा पैसे खर्च करायचेच असतील, तर बातोबस ही थांबे घेत जाणारी बोटसेवा विचारात घ्यावी. तिच्या दिवसभराच्या तिकिटावर ऑर्से, नोत्र दाम, लूव्र अशा ठिकाणी हवे तिथे उतरून पुन्हा चढता येते. घाईच्या प्रवासासाठी ती सोयीची नाही, पण ज्यांना एका दिवसात नदीकाठची दोन-तीन ठिकाणे निवांत पाहायची आहेत, त्यांना तासाभराच्या फेरीपेक्षा हा सौदा अधिक परवडेल.