आईच्या मेंदूचा एमआरआय: स्कॅन एक नंबर, रिपोर्ट मात्र अर्धवट

माझी आई ७१ वर्षांची. वर्षभर झालं, एकच गोष्ट परत परत विचारते, गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही, पण बाकी स्वतःचं सगळं स्वतः करते. न्यूरोच्या डॉक्टरांनी तपासून माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट सांगितलं, म्हणजे वयाच्या मानाने विसरणं जास्त पण डिमेन्शिया नाही, आणि बी१२, थायरॉइडसोबत मेंदूचा एमआरआय लिहून दिला. सेंटरचं नाव लिहीत नाही, अनुभव तेवढा सांगते.

आधी चांगलं. टेक्निशियन पोरगा सोन्यासारखा. "आजी, आत ठकठक आवाज येईल, घाबरायचं नाही, हा फुगा दाबला की मी आलोच." आई दोन मिनिटांनी विसरली, परत विचारलं, त्याने परत तेवढ्याच शांतपणे सांगितलं, असं तीन वेळा झालं पण त्याचा आवाज एकदाही चढला नाही. मध्ये तिचं डोकं हललं तर तेवढा भाग त्याने न कुरकुरता परत घेतला, अर्ध्या तासाच्या वर गेलं पण इमेज स्वच्छ आल्या.

आता रिपोर्ट. त्यात काय, तर "वयोमानानुसार मेंदूचे आकुंचन". बस, एवढंच! डॉक्टरांनी वाचला आणि म्हणाले, हिप्पोकॅम्पसचं काय? हा भाग दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर असतो आणि नवीन आठवणी साठवायचं काम मुख्यतः त्याच्यावर, अल्झायमर असेल तर आकुंचन साधारण तिथूनच सुरू होतं, म्हणून विसरण्याच्या तक्रारीसाठी स्कॅन केला तर तिथे बघायलाच पाहिजे ना. त्यासाठी १९९२ पासून एमटीए नावाचा स्कोअर आहे, ० ते ४, नुसत्या डोळ्यांनी इमेज बघून देतात, आणि ७५ च्या आतल्या माणसाला २ किंवा वर आला तर तो नुसता वयाचा परिणाम म्हणून सोडत नाहीत.

काउंटरवर गेले तर "रिपोर्ट फायनल झालाय मॅडम". मी हललेच नाही. शेवटी रेडिओलॉजिस्ट मॅडमनी आत बोलावलं आणि, हे खरंच कौतुकाचं, स्क्रीनवर सगळं उघडून दाखवलं. हिप्पोकॅम्पसच्या भोवती पाण्याची काळी फट असते, ती डावीकडे रुंद झालेली मलासुद्धा दिसली, पोटात गोळाच आला. दोन दिवसांत सुधारित रिपोर्ट दिला: एमटीए उजवीकडे १, डावीकडे २. मेंदूत दिसणारे पांढरे ठिपके किती आहेत ते सांगणाऱ्या फझेकास स्केलवर १, म्हणजे थोडेच, ते बारीक रक्तवाहिन्यांचे, बीपी सांभाळा म्हणाल्या. गाठ नाही, रक्तस्राव नाही, पाणी साठलेलं नाही, हेही स्पष्ट लिहिलं, आणि ते कळणं फार गरजेचं होतं कारण त्यातल्या काही गोष्टींवर इलाज होतो.

त्यांनी एक मात्र बजावून सांगितलं की २ म्हणजे अल्झायमर ठरला असं नाही, या टप्प्यावरची काही माणसं वर्षानुवर्षं तशीच राहतात, काही सुधारतात पण. अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रोटीन, ते बघायचा पेट (PET) स्कॅन वेगळा असतो, आमच्या डॉक्टरांनी सध्या नको म्हटलंय.

तुम्ही कुठेही करा, नाव नोंदवतानाच सांगा की विसरण्याच्या तक्रारीसाठी करतोय, एमटीए आणि फझेकास दोन्ही लिहून द्या. सीडी पण मागून घ्या, नुसत्या कागदावर भागत नाही.

पाचपैकी तीन स्टार. पुढच्या वर्षी परत त्याच मशीनवर करणार, म्हणजे जुन्या इमेजशी नीट ताडून बघता येईल, आणि त्या पोराची ड्युटी कधी असते तेही विचारून ठेवलंय.