सी-व्ह्यू आहे, पण मान वाकडी करावी लागते

मुलगी इंग्लंडात न्यूकॅसलला असते. मे महिन्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने जवळच्या व्हिटली बे या समुद्राकाठच्या गावात एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर तीन रात्रींसाठी दोन खोल्या घेतल्या. पुढची आम्हा दोघांना, मागची तिला आणि जावयांना. जाहिरातीत ‘सी-व्ह्यू’ होतं. पोचून बघतो तर घराचं तोंड समुद्राकडे नाहीच! समुद्राला काटकोनात गेलेल्या गल्लीत, लाल विटांच्या सलग रांगेतलं सातवं घर. म्हटलं, गंडवलं.

मी बत्तीस वर्षं साइट सुपरवायझर होतो. बायको चहा टाकेपर्यंत माझं भिंती ठोकून बघणं सुरू झालेलं असतं.

घर १९०७ चं, असं मालकीणबाई म्हणाल्या. पटतं. इथली लोकल १९०४ मध्ये विजेवर धावायला लागली, म्हणजे न्यूकॅसलात नोकरी आणि समुद्राकाठी बिऱ्हाड हे जमण्यासारखं झालं. जवळच्या स्पॅनिश सिटी या जुन्या करमणूक केंद्राचा पांढरा घुमटही १९१० चा. रांगेतलं घर म्हणजे आपली चाळ नव्हे. भिंत शेजाऱ्याशी सामाईक, पण दार, जिना, मागचं अंगण ज्याचं त्याचं. रुंदी जेमतेम अठरा फूट, म्हणून घर मागे मागे वाढत गेलेलं. दारात रंगीत काचा आणि आत भौमितिक नक्षीच्या लाद्या. व्हीटीच्या जुन्या इमारतीत मॉ या इंग्लिश कंपनीच्या आहेत ना, त्याच घराण्यातल्या.

पण खरी गंमत पुढच्या खोलीतली बे विंडो. भिंतीतून बाहेर काढलेली, तीन बाजूंची, दोन्ही मजल्यांना एकावर एक. डावीकडच्या तिरक्या खिडकीशी खुर्ची ओढली आणि गल्लीच्या टोकाला राखाडी समुद्राची उभी पट्टी दिसली. रांगेतल्या प्रत्येक घराला अशीच खिडकी. बांधणाऱ्याने समुद्र तुकडे करून सगळ्यांना वाटलाय.

खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या, मूळच्या लाकडी. वरच्या झडपेत छोटे चौकोन, खाली एकसंध काच. एकीची दोरी तुटली होती, म्हणून खाली लाकडी पळी अडकवलेली. दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि मी हललो नाही तिथून. चौकटीच्या बाजूची फळी काढली की आत पोकळी, आणि तिच्यात दोरीने झडपेला तोलून धरणारं बिडाचं लांबट वजन, ओळंब्यासारखं लटकणारं, खाऱ्या वाऱ्याने गंजून खवले सुटलेलं. वरच्या झडपेची वजनं तिच्यापेक्षा किंचित जड, खालचीची किंचित हलकी. त्यामुळे वरची वर आणि खालची खाली, आपापल्या जागी घट्ट बसतात. माझे पैसे तिथेच वसूल झाले. (बायकोचं मत वेगळं आहे.)

आता तक्रारी. मागच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवल्यात आणि जुनी फायरप्लेस पार बुजवलीय, हवा जायला एक जाळीसुद्धा ठेवलेली नाही. ओल कोंडून तिथल्याच भिंतीला पोपडे आलेत. जिना उभा आणि अरुंद. मोठी बॅग जावयांनी डोक्यावरून नेली.

पाचपैकी चार तारे. पुढची खोली मिळत असेल तरच घ्या. मागून फक्त कचऱ्याच्या डब्यांची गल्ली दिसते. तिथे अंगणाच्या भिंतींना कोळसा आत टाकायची छोटी दारं होती, तीही आता विटांनी बुजवलेली.