रॉकेल की मिथेन? परत परत पेटवायचं इंजिन असेल तर

छोटी रॉकेट इंजिनं बनवून चाचणीच्या मंचावर पेटवणाऱ्या आमच्या गटाने आधी रॉकेलचं इंजिन केलं, मग मिथेनचं. आता नवीन मंडळी विचारतात, आपण काय धरावं? दोन्हीकडे इंधन जाळायला जोडीला द्रव ऑक्सिजनच, म्हणजे प्रश्न फक्त इंधनाचा. हायड्रोजनच्या वाटेला मी जाणार नाही. उणे 253 अंशांचं ते प्रकरण जरा फट दिसली की निसटतं, आणि टाकी केवढी लागते ते वेगळंच.

रॉकेलची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. ते साध्या तापमानाला मुकाट पडून राहतं, गळलं तर डोळ्यांना दिसतं, फडक्याने पुसता येतं. द्रव मिथेनच्या जवळजवळ दुप्पट दाट, त्यामुळे टाकी आटोपशीर. स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटचे काही बूस्टर, म्हणजे खालचे टप्पे, रॉकेलवरच 30 हून अधिक वेळा उडालेत. तेव्हा रॉकेलवर पुनर्वापर जमत नाही, असं निदान मी तरी म्हणणार नाही.

पण काजळी!

रॉकेलचे लांबलचक रेणू तापले की तुटतात आणि कार्बन मिळेल तिथे चिकटतो. इंजिनात इंधन फवारणाऱ्या आमच्या इंजेक्टरची भोकं जेमतेम सुई जाईल एवढी. चाचणी आठ सेकंदांची आणि साफसफाई दीड दिवसाची. इंजेक्टर उघडा, द्रावणात भिजवा, एकेका भोकातून तार फिरवा, मग पाणी सोडून फवारा सरळ पडतो का बघा. एकदा कडेचं एक भोक अर्धवट तुंबलेलं राहिलं. पुढच्या चाचणीत तिथली धार तिरकी गेली आणि ज्वलनकक्षाच्या तांब्याच्या भिंतीला काडेपेटीच्या गुलाएवढा खड्डा पडला. तो कक्ष तिथेच बाद झाला.

मिथेनचे नखरे नाहीत असं नाही. पहिल्याच दिवशी आम्ही ते द्रव नायट्रोजनने गार करायला गेलो आणि ते नळीतच गोठलं. मिथेन उणे 182 ला गोठतं, नायट्रोजन उणे 196 चा. हे पुस्तकात वाचलेलं होतं बरं का! शिवाय शुद्ध मिथेनला वास नाही, गळती कळायला सेन्सर हवाच, आणि पेटवण्याआधी नळ्या गार होईपर्यंत ताटकळायचं. स्पेसएक्सचं रॅप्टर आणि ब्लू ओरिजिनचं बीई-4 ही इंजिनं मिथेनवर चालतात, जुलै 2023 मध्ये चीनचं झूचे-2 मिथेनवर कक्षेत पोहोचणारं पहिलं रॉकेट ठरलं, म्हणून वारं तिकडे वाहतंय हे खरं. मंगळावरच्या कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवता येईल हेही खरं, पण त्यावरून कुणी आपल्या मंचाचं इंधन ठरवू नये.

वर्षाला चार-पाचच चाचण्या करायच्या असतील आणि हाताशी माणसं कमी असतील, तर रॉकेल घ्या, वाईट वाटून घेऊ नका. एकाच दिवसात परत परत पेटवायचं असेल, तर मात्र माझं मन मिथेनकडे झुकतं. पहिल्या मिथेन चाचणीनंतर आम्ही सवयीने इंजेक्टर उघडला, तारांचा डबा शेजारी तयारच होता. टॉर्च मारून बघितलं, भोकं होती तशीच स्वच्छ. बोल्ट परत आवळले आणि संध्याकाळपर्यंत आणखी दोनदा पेटवलं.