फराळाच्या वेबसाइटचं बिऱ्हाड हलवलं, त्याला सहा महिने झाले

गेल्या जुलैत आमच्या फराळाच्या दुकानाची वेबसाइट शेअर्ड होस्टिंगवरून (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) उचलून स्वतःच्या व्हीपीएसवर (आपणच सांभाळायचा, भाड्याचा वेगळा सर्व्हर) आणली. मधे अख्खी दिवाळी गेली, आता गुळपोळ्यांच्या ऑर्डरी चालू आहेत. तेव्हा लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं.

दुकान म्हणजे कर्वेनगरातलं वहिनीचं स्वयंपाकघर, मागची शेड, सहा बायका आणि वेबसाइट बघणारी मी. साइट वर्डप्रेसवर आहे, त्यावर दुकान चालवायला वूकॉमर्स. वर्षभर दिवसाला पाच-दहा ऑर्डरी येतात, आणि दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांत सगळं वर्ष भरून निघतं. २०२४ला बुकिंग उघडलं आणि रात्री नऊ वाजून चार मिनिटांनी साइट बसली. पांढरं पान, त्यावर ५०८ आकडा आणि रिसोर्स लिमिट संपल्याचा निरोप. होस्टिंगवाल्यांच्या (नाव घेत नाही) जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं होतं. बँडविड्थ (डेटाची ये-जा) खरंच अनलिमिटेड होती, पण एका वेळी किती प्रोसेस (सर्व्हरवरची कामं) चालणार याला मर्यादा होती, आणि ती अटींमध्ये पार तळाशी. सपोर्टवाला म्हणाला, कॅशचं (तयार पानं साठवून ठेवणारं) प्लगइन टाका. ते दोन वर्षं होतंच.

आता मुंबईतल्या डेटा सेंटरमधला सर्व्हर, मुळात २ जीबी मेमरीचा, दिवाळीसाठी वाढवून ४ जीबीचा केलेला. त्यावर एन्जिनएक्स (पानं पाठवणारा आणि साठवणारा वेब सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस), रेडिस (डेटाबेसची उत्तरं मेमरीत धरून ठेवणारा) आणि पुढे क्लाउडफ्लेअर या सेवेचा फुकट प्लॅन. जुनं होस्टिंग वर्षाला तीन हजारांत पडायचं, हे ४ जीबीला महिन्याला दोन हजारांच्या आसपास जातं. हलवल्या दिवशीच साइट पळायला लागली. चकलीचं पान टिचकी मारताच उघडायचं. घरात सगळे खूश.

इथेच मी फसले असते. ऑगस्टमध्ये के-सिक्स नावाच्या फुकट साधनाने लोड टेस्ट केली, म्हणजे खोटी गर्दी सोडून साइट कितपत टिकते ते पाहिलं. आधी घरच्या वायफायवरून केली, म्हणजे सर्व्हरची नाही, आमच्या ब्रॉडबँडचीच परीक्षा झाली. मग तासाच्या भाड्याने दुसरा सर्व्हर घेऊन तिथून केली. मुखपृष्ठावर तीनशे खोटी गिऱ्हाइकं सोडली, साइट ढिम्म हलली नाही. मग स्क्रिप्ट बदलून प्रत्येकाला चिवडा कार्टमध्ये टाकून चेकआउटपर्यंत जायला लावलं. चाळिसाव्या माणसाला नऊ सेकंद थांबावं लागलं, साठाव्यानंतर सगळा ठणठणाट.

पंगतीची पानं आधी वाढून ठेवता येतात, पण प्रत्येकाचा हिशेब आधी करून ठेवता येत नाही. मुखपृष्ठ, फोटो, पदार्थाची माहिती हे कॅशमधून जातं. कार्ट, चेकआउट, माझं खातं ही पानं ज्याची त्याची असल्याने दर वेळी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) आणि डेटाबेसपर्यंत जावंच लागतं. आणि उबुंटूवर (सर्व्हरवरचं लिनक्स) पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारा प्रोग्राम) टाकलं की एका वेळी किती प्रोसेस चालतील याचा मूळ आकडा असतो पाच. सर्व्हर चार जीबीचा आणि काउंटर पाचच! आमची एक प्रोसेस साधारण ७० एमबी खाते. डेटाबेस आणि रेडिसला निम्मी जागा सोडून उरलेल्या २ जीबीला ७०ने भागलं, अठ्ठावीस आले, पंचवीस ठेवले. डेटाबेसचा बफर पूलही (त्याने वापरायची मेमरी) मूळ १२८ एमबीवरून १ जीबी केला. शिवाय थीमच्या वरच्या कोपऱ्यातली ती कार्टची इवलीशी पिशवी, आत किती वस्तू आहेत ते दाखवणारी, ती कॅशमधल्या पानावरूनही दर वेळी सर्व्हरला हाक मारत होती. आकडा काढून टाकला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एक सांगायचं राहिलं. टेस्टच्या वेळी पेमेंट टेस्ट मोडवर ठेवलं, पण ऑर्डरचे ईमेल बंद करायला विसरले. वहिनीच्या फोनवर चारशे ईमेल. ती पिठाच्या हातानेच बाहेर आली, “अगं, एवढी चकली कोणी मागवली? भाजणी कुठून आणू मी?”

आम्ही बुकिंग घटस्थापनेला उघडतो. २०२५ला घटस्थापना आली २२ सप्टेंबरला, आणि त्याच दिवसापासून पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला. मी शहाणपणा करून मध्यरात्री किमती थेट डेटाबेसमध्येच बदलल्या. रेडिस आठवणीने रिकामा केला, एन्जिनएक्सची साठवलेली पानं पुसायची राहिली. ॲडमिनमधून बदल केला असता तर कॅशच्या प्लगइनने ती आपोआप पुसली असती. सकाळी पानावर चकली २८०ला आणि कार्टमध्ये २६२ला. पुणेकर गिऱ्हाईक कमी पैसे लागले तरी फोन करतं: “ताई, नक्की किती? नंतर फरक मागणार का?” अकरा फोन आले. अकराव्याला मी फक्त “२६२” म्हणाले.

त्या रात्रीची गर्दी मात्र सर्व्हरने नाही, वहिनीने अडवली. दरवर्षी ती नऊच्या ठोक्याला व्हॉट्सॲपवर सगळ्या ब्रॉडकास्ट याद्यांना लिंक पाठवायची. एका यादीत २५६ माणसं, अशा चार याद्या. म्हणजे हजार लोकांना आम्हीच एका मिनिटात दारात उभं करत होतो, आणि मग दार मोडलं म्हणून सुताराला शिव्या! या वेळी नऊला कोथरूड-कर्वेनगरची यादी, साडेनऊला बाकी पुणं, दहाला मुंबई-ठाणे आणि साडेदहाला परदेशातली मुलंबाळं. मी लॅपटॉपवर सर्व्हरचा आलेख उघडून बसले होते, वहिनी शेजारी झेंडूची माळ ओवत होती. मी मान हलवली की ती पुढची यादी पाठवायची. प्रोसेसर एकदाही ७० टक्क्यांच्या वर गेला नाही. या फुकटच्या उपायाला माझे पाचपैकी पाच. सर्व्हरला चार.

अनारशांनी मात्र त्रास दिला. ते दीडशेच पाकिटं असतात. वूकॉमर्समध्ये पैसे न भरलेल्या ऑर्डरीसाठी माल साठ मिनिटं धरून ठेवायची मूळ सोय आहे. यूपीआयचा पिन आठवत बसलेल्या आजोबांसाठी चांगली, आमच्यासाठी नाही. नऊ-वीसला ‘संपले’ दिसायला लागलं आणि पैसे आले होते साठ पाकिटांचे. मी ती मुदत पंधरा मिनिटांवर आणली. मग दोघांचे पैसे उशिरा जमा झाले, तोवर त्यांच्या ऑर्डरी आपोआप रद्द झालेल्या. पेमेंट गेटवेचा वेबहूक (पैसे आल्याचा आपोआप येणारा निरोप) बरोबर आला होता, पण रद्द ऑर्डरला पैसे आले तर कुणाला कळवायचं हे मीच ठरवलं नव्हतं. दोन्ही घरी वहिनीने स्वतः फोन केला आणि पाकिटं पोचवली. आता मुदत तीस मिनिटं आहे आणि असं काही झालं की मला लगेच मेसेज येतो.

दुसरा त्रास आठवडाभर कळलाच नाही. रोज सकाळी साडेसातला साइट दहा मिनिटं रखडायची. परदेशची पार्सलं आम्ही दसऱ्याच्या सुमारास बंद करतो, म्हणजे तिकडच्या ऑर्डरींचे मोजकेच दिवस. बॅकअप मी पहाटे दोनला लावला होता, पण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. त्याचे दोन म्हणजे आपले साडेसात, आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सात. नेमकी तिकडच्या लोकांची घरी येऊन आईला फराळ हवाय सांगण्याची वेळ. आता बॅकअप आपल्या दुपारी तीनला होतो. तेव्हा अमेरिका झोपलेली असते आणि कर्वेनगरही.

व्हीपीएस घेऊ का, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगेन की घरात रात्री साडेअकराला टर्मिनल (सर्व्हरला आज्ञा द्यायची खिडकी) उघडणारं कुणी नसेल तर घेऊ नका, मॅनेज्ड होस्टिंगला (जिथे सर्व्हर तेच सांभाळतात) दोन पैसे जास्त द्या. अपडेट, फायरवॉल, बॅकअप, सगळं आपल्याच गळ्यात पडतं.

नोव्हेंबरात सर्व्हर परत २ जीबीवर आणला. वाढवताना डिस्कला हात लावला नव्हता म्हणून हे जमलं. पण प्रोसेसचा पंचवीसचा आकडा तसाच राहिला. डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी कुठल्याशा बॉटने (आपोआप साइट धुंडाळणाऱ्या प्रोग्रामने) फिल्टरची (माल गाळून दाखवणारी) पानं एकामागून एक मागायला सुरुवात केली, पंचवीसच्या पंचवीस प्रोसेस उठल्या, मेमरी संपली आणि लिनक्सने जागा करायला डेटाबेसच बंद पाडला. आम्ही लग्नात जेवायला बसलो होतो. आता दोन्ही आकडे कागदावर लिहून वहिनीच्या फ्रिजवर लावलेत, भाजणीच्या प्रमाणाच्या खाली: दिवाळीला पंचवीस, एरवी दहा.